हेडलाइटच्या वाटीतल्या चार तारा

४ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. गाडी मागच्या आठवड्यात ट्रकमधून सुखरूप उतरली. सुखरूप म्हणजे तुम्ही चढवली तशीच: आरसा एक, किक वाकडी, सीटखाली उंदरांचं घर. उंदीर मात्र नव्हते. मी दोनदा बघितलं.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला कागदावर असल्याशिवाय पटत नाही. दोघांची सोय.

गाडी कशासाठी मागितली ते आईने तुम्हाला अर्धवटच सांगितलं असणार. आमच्या गॅरेजात वायरिंगचं टेबल सांभाळणारे काका निवृत्त झाले. ते टेबल मला हवंय. सहा वर्षं मी चाकं, चेन आणि ब्रेक करतोय. मालक म्हणाले की आठवी शिकलेल्याच्या हाती गिऱ्हाइकाची वायरिंग द्यायची तर आधी एखादी मेलेली गाडी एकट्याने उभी करून दाखव. एकतीस मार्चला बघणार आहेत. डिप्लोमा झालेला एक जण विचारून गेलाय, तोही त्या दिवशी येईल.

तुमची गाडी सहा व्होल्टची. मालकांच्या मते सहा व्होल्टच्या दिव्याने रस्ता दिसत नाही, दिवा कुठे आहे तेवढं दिसतं. म्हणून बारा व्होल्ट करायचं ठरवलंय. मॅग्नेट कॉइल, रेग्युलेटर, बॅटरी, हॉर्न आणि बल्ब नवे. वायरिंगचा मूळ जुडगा चांगला आहे, तो ठेवतो. तीन दिवस रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन साफ केला. मालक म्हणाले, गाडी दुरुस्त करतोयस की बारसं? तारांवर कोणीतरी जागोजागी दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे चार, सगळ्या तेलाने काळ्या झालेल्या. एकतीस निघाल्या. एकही तार न दुखावता ब्लेडने काढल्या. आता जुडगा नव्यासारखा दिसतो.

फक्त हेडलाइटच्या वाटीतल्या चार तारा सुट्या आहेत: लाल, हिरवी, पिवळी, निळी. कुठली कुठे जोडायची ते रंगासकट लिहून कळवा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा


१२ फेब्रुवारी

चि. मास्तर,

दहा वर्षांचा असताना तू मामीच्या वाणसामानाच्या यादीत सात चुका काढल्या होत्यास, तेव्हापासून तुला मास्तर म्हणतो. अजून तसाच आहेस. माझ्या चुका काढायच्या तर काढ, पण मनात ठेव.

बारा व्होल्ट करतोयस ते छान. घाबरू नकोस. व्होल्ट दुप्पट झाले की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो, म्हणजे जुन्या तारांना उलट आरामच. कॉइल बसवताना खालचा जुना गॅस्केट खरवडून काढ. बल्ब एकूण एक बदल, स्पीडोमीटरच्या आतला इवलासा बल्बही. तो लोक विसरतात आणि मग तो एक सेकंद सूर्यासारखा तळपून मरतो. ठिणगी पाडणारे पॉइंट बदलून इलेक्ट्रॉनिक करण्याच्या भानगडीत आत्ताच पडू नकोस. एका वेळी एकच दुखणं.

आणि काय रे, गाठी सगळ्याच काढल्यास? एकतीसच्या एकतीस?

वाटीतल्या तारांचं सावकाश बघू. घाई काय आहे?

मामी लेकीच्या बाळंतपणाला गेलीये. मी स्वतः स्वयंपाक करतोय. शेजारचं कुत्रं हल्ली माझ्या दाराशी बसत नाही.

मामा


१६ फेब्रुवारी

ती. मामा,

घाई काय म्हणजे? त्रेचाळीस दिवस राहिलेत, आणि त्यात सहा रविवार.

तुम्ही रागावलात असं वाटतंय. तुमची गाडी सहा व्होल्टवर इतकी वर्षं चालली आणि मी येऊन सगळं बदलतोय, त्याचं वाईट वाटलं असेल तर स्पष्ट सांगा. जुने सुटे भाग मी फेकलेले नाहीत. पुसून, नावं लिहून खोक्यात ठेवलेत. गाठींचे दोरेसुद्धा आहेत, पण कुठल्या तारेवर किती होत्या ते लिहून घेतलं नाही. तो नुसता मळ वाटला.

कॉइल बसली. गॅस्केट खरवडला. मीटरमधला इवलासा बल्ब बदलला. तुम्ही सांगितलं नसतं तर खरंच विसरलो असतो. बॅटरीच्या बाजूचं मला कळतं, तिथे जाड लाल तार प्लसला चिकटूनच होती. वाटीत मात्र तुम्ही काही जोड मधल्यामध्ये बदललेले दिसतात. मी तर्काने लावायला गेलो आणि चुकलं, तर नवा रेग्युलेटर जायचा. वायरिंगच्या दुकानात तुम्ही चौतीस वर्षं हेच केलंत. चारच तारा, मामा. चार ओळी पुरतील.

तुमचा भाचा


२८ फेब्रुवारी

चि. मास्तर,

तुझं पत्र वीसेक तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण काही नाही.

रागावलो नाही. तुझ्यावर रागवायला मी काय गणिताचा गुरुजी आहे?

घे तुझ्या चार ओळी. पिवळी हेडलाइटच्या वरच्या झोताला. निळी खालच्या झोताला. हिरवी चावीकडून येते, तिच्यात बॅटरीचा प्लस, ती स्विचला दे. लाल चासीला.

झालं समाधान? आता कामाला लाग. माझा काल भात लागला, त्याची चव अजून तोंडात आहे.

मामा


९ मार्च

ती. मामा,

तीन फ्यूज उडाले.

सगळं सांगतो. तुमचं पत्र आलं आणि मी ते नेहमीप्रमाणे वहीत उतरवून घेतलं. लाल चासीला हे वाचून जरा चमकलो, कारण बॅटरीकडे तीच लाल प्लसला आहे आणि चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मायनस जातो. पण काही जुन्या गाड्यांत प्लस चासीला असायचा असं ऐकलं होतं. म्हटलं, मामा सांगतात म्हणजे मध्ये कुठेतरी जोड असणार, मला दिसत नाही एवढंच. जोडायच्या आधी तारा तपासायचा मीटर लावला तर तो शॉर्ट दाखवायला लागला. मला वाटलं मीटर बिघडला. नवा सेल घातला. तरी शॉर्ट. मग शेजारच्या रेडिओवाल्याचा मीटर मागून आणला. त्यानेही शॉर्ट दाखवला. मी म्हटलं, त्याचाही सेल गेला असेल.

मग जोडलं, चावी फिरवली, आणि फ्यूज गेला. सगळं उलगडून, पुसून, परत तुमच्या पत्राप्रमाणे जोडलं. दुसरा गेला. तिसऱ्या वेळी मालक मागे उभे होते.

डिप्लोमावाला सोमवारी सहज डोकावून गेला. स्वच्छ नखांचा माणूस आहे. म्हणाला, वायरिंग वाचायला शिकावी लागते. मालक हसले, कोणाला ते कळलं नाही.

दोष माझाच असणार, फक्त कुठे ते सापडत नाही. आठवीत शाळा सुटली तेव्हा विजेचा धडा पुढच्या वर्षी होता. मालकांना उद्या सांगावं म्हणतो की माझ्याने होत नाही, मी चाकांवरच बरा. तुम्ही काही सुचवलंत तर थांबतो.

तुमचा भाचा


१३ मार्च

अरे मास्तर,

मामी लिहितेय. मालकांना काही सांगू नकोस. सांगून टाकलं असशील तर परत जा आणि म्हण, ताप होता म्हणून बरळलो.

मी परवा आले. नात गोरी-गोमटी, रडण्यात मामावर गेलीये. घरात पाऊल टाकते तर तुझे मामा पलंगावर, पत्र छातीवर. म्हणाले, पोराचा मीटर खराब दिसतो. जेवले नाहीत. म्हटलं, तुम्ही त्याला काय रंग सांगितलेत? भिंतीकडे वळून झोपले.

आता ऐक. ही गोष्ट मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून जाणते आणि आजवर कोणाला, तुझ्या आईलासुद्धा, सांगितलेली नाही. तुझ्या मामांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. हिरवी लोकर आणायला पाठवलं तर लाल गुंडा घेऊन आले आणि वर मलाच म्हणाले, तुला डोळे तपासायला हवेत. बाजारात टोमॅटो दाबून घेतात, बघून नाही.

तू विचारशील, मग चौतीस वर्षं दुकान कसं चाललं? दुकानात माझं स्टूल होतं ना कोपऱ्यात. ते तार हातात धरून खोकायचे. मी विणता विणता म्हणायचे, लाल लोकर संपत आली बाई. किंवा, हिरवी कुठे ठेवली कोण जाणे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई विणकामापायी वेडी आहे. आणि मी नसेन तेव्हासाठी तारांवर गाठी. एक गाठ म्हणजे बॅटरीकडची, दोन म्हणजे चासीची, पुढे चार-पाचपर्यंत काय काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. तेच दोरे तू मळ म्हणून काढलेस. तुझा दोष नाही, तुला कोण सांगणार होतं?

मी घरी नव्हते. तू रंग विचारत राहिलास. त्यांनी आठवेल तसं लिहून टाकलं. पिवळं-निळं त्यांना दिसतं. लाल-हिरवं उलटं कर, गाडी चालू होईल.

आणि मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. माणूस सगळं सोसेल, पण भाच्यासमोर उघडं पडणं सोसणार नाही.

मामी


१८ मार्च

ती. मामा,

नमस्कार. एक आनंदाची बातमी. गाडी चालू झाली.

चूक सापडली. तुमचं पत्र मी घाईघाईत वाचलं होतं. तुम्ही बरोबरच लिहिलं होतं आणि मीच लाल-हिरव्याची अदलाबदल केली. काल उलटं करून जोडलं आणि चावी फिरवली. फ्यूज शाबूत. हॉर्न असा वाजला की समोरच्या शिंप्याने माप घेता घेता गिऱ्हाइकाला टेप आवळली. चौथ्या किकला इंजिन उठलं. गाडी जागेवर उभी ठेवली तरी दिवा मंद होत नाही. आधी थांबलं की डोळे मिटायचा, आईला आठवतंय.

मालकांनी दिव्यासमोर हात धरला आणि हातावरचा उजेड बघून म्हणाले, ठीक. त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे पुष्कळ.

आणखी एक. जुडग्यावर मी नव्या दोऱ्याच्या गाठी मारल्यात. बॅटरीकडच्या तारेला एक, चासीच्या तारेला दोन. आमच्या गॅरेजात उजेड जरा कमी आहे, म्हणून. हाताला कळतं. बाकीच्या तारांना किती मारायच्या ते तुम्ही सुचवा.

तुमचा भाचा


२३ मार्च

चि. मास्तर,

खोटं बोलायलाही अक्कल लागते. तू म्हणे पत्र घाईघाईत वाचलंस! जो मुलगा माझी पत्रं वहीत उतरवून घेतो, तो? दोन मीटर लावले, फ्यूज तिसरा उडेपर्यंत थांबलास, तो? आणि एक गाठ बॅटरीची, दोन चासीच्या, हे तुला आपोआप सुचलं? गॅरेजातल्या अंधारात?

मामीला विचारलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासायला घेतली. झालं, मला उत्तर मिळालं.

तर आता सरळ लिहितो. मला नाही दिसत. शाळेत चित्रकलेच्या तासाला लाल झाड काढलं म्हणून बाईंनी मारलं, तेव्हा कळलं. पुढे इलेक्ट्रिशियनच व्हायचं डोक्यात घेतलं, तो माझा मूर्खपणा. पण काम चोख केलं. गाठी आणि मामी, दोन्ही घट्ट.

तुला चुकीचं का लिहिलं ते सांगतो, कारण तेच कामाचं आहे. आठ दिवस कागद समोर घेऊन बसलो होतो. 'माहीत नाही' एवढे दोन शब्द लिहायचे होते. लिहिता आले नाहीत. तू लिहिलं होतंस, तुम्ही चौतीस वर्षं हेच केलंत. ते वाचून इतकं बरं वाटलं की खरं लिहायचा धीर गेला. म्हटलं, दोनच रंग, निम्मी शक्यता तर आहे. निम्म्या शक्यतेवर तुझं टेबल पणाला लावलं मी. चुकलो.

पण तुझंही चुकलं. दोन मीटर ओरडून सांगत होते आणि तू त्यांचे सेल बदलत बसलास. मामा म्हणाला म्हणून? मोठा माणूस म्हणतो म्हणून तार बदलत नाही. तुला तेव्हाच मला लिहिता आलं असतं, मामा, तुमचं चुकतंय. तुझीही जीभ रेटली नाही. माझे दोन शब्द अडले, तुझे तीन. एकाच घरचे आहोत.

एकतीस तारखेला मालक काही विचारतील. येत असेल ते सांग. नसेल येत तर काय म्हणायचं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं म्हणता येईल.

वरच्या झोताला तीन गाठी, खालच्याला चार. हॉर्नला पाच. मामी म्हणते, हॉर्नला एकच पुरे, ऐकू येतोच.

मामा


१ एप्रिल

ती. मामा आणि मामी,

दोघांना एकच पत्र, आता लपवायला काही उरलं नाही.

काल दहा वाजता मालकांनी गाडी रस्त्याच्या कडेला काढायला लावली. मी सातलाच आलो होतो. तिसऱ्यांदा पुसत होतो. डिप्लोमावालाही आला. मालकांनी गाडीभोवती फेरी मारली, हॉर्न दाबला, ब्रेक दाबून मागे वाकून लाल दिवा बघितला, किक मारली. दुसऱ्या किकला चालू झाली. मी सांगणार होतो की थंड असताना चौथ्या किकला चालू होते, पण गप्प बसलो.

मग त्यांनी आम्हा दोघांना विचारलं. समजा, या गाडीच्या मालकाला पुढे दोन जादा दिवे हवेत. तेवढी वीज पुरवणं या कॉइलला झेपेल का?

डिप्लोमावाला लगेच म्हणाला, न झेपायला काय झालं, आता बारा व्होल्ट आहे. इतकं सहज म्हणाला की मलाही ते खरंच वाटलं. मग मालक माझ्याकडे वळले. मामा, मला खरंच येत नव्हतं. आठवी, चाकं, चेन, सगळं आठवलं. अंदाजाने 'हो' म्हणावं असं जिभेवर आलं होतं. निम्मी शक्यता होतीच.

मी म्हणालो, "माहीत नाही. मोजून सांगतो."

मालक म्हणाले, मोज.

कपाटातून दोन जादा दिवे आणले, तात्पुरते जोडले, बॅटरीवर मीटर लावला. रेस वाढवली की काटा साडेबारा व्होल्टच्या वर. रेस सोडली की हळूहळू बाराच्या खाली, आणि खालीच जात राहिला. एक दिवा काढला. काटा वर येऊन थांबला. मी मीटरकडे दोनदा बघितलं आणि या वेळी सेल बदलला नाही. सांगितलं, एक जादा दिवा चालेल. दोन लावले तर चौकात थांबून थांबून बॅटरी बसेल.

डिप्लोमावाला म्हणाला, पुस्तकात तसं नसतं. तो वाईट माणूस नाही, मामा. त्याने वाकून मीटर बघितला.

मालकांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या जळक्या गाड्या 'झेपेल' म्हणणाऱ्यांनीच धाडलेल्या असतात." आणि खिशातून वायरिंगच्या टेबलाच्या खणाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. बाकी काही नाही. जाता जाता एवढंच म्हणाले की त्या खणात काकांनी वीस वर्षांचा पसारा ठेवलाय, तो तू तीन दिवसांत लावशील याची मला खात्री आहे.

मी दीड दिवसात लावला.

गाठींबद्दल त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या मामांची पद्धत आहे, हाताला कळते. का ते सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा. पण मालकांनी एक गाठ बोटांत फिरवून बघितली आणि म्हणाले, पुढच्या प्रत्येक जुन्या जुडग्याला अशाच मारत जा. तेव्हा आता ती गॅरेजची पद्धत झाली.

गाडी तुमची आहे. गाडी पाठवताना मामांनी आईजवळ म्हटलं होतं, त्याच्याकडेच राहू दे. पण आधी तुम्ही ती एकदा चालवायला हवी. म्हणून रविवारी घेऊन येतो. सकाळी सहाला निघेन, दर तासाला थांबून नटबोल्ट बघेन, हवा बघेन. जादा बल्ब, फ्यूज आणि मीटर बरोबर असेल. मामींनी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवू नये, वाटेत काही झालं तर उगाच.

दिवा आता छान पडतो. खालच्या झोताला समोरच्या भिंतीवरची विटांची ओळ अन् ओळ मोजता येते. तरी मी उजेडातच पोचेन.

तुमचा भाचा